धनेश्वरीचं पॅनल का जळत होतं

मधल्या थर्मोकपलचा आकडा चढत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारी बारीक तार. आमच्या पॅनलच्या पाठीवर अशा बऱ्याच तारा चिकटवलेल्या असतात. बाकी सगळ्या शहाण्यासारख्या वागत होत्या. एकटी मधली वर चालली होती.

"मॅडम, पाहा अजून थोडं. बसंल ते खाली," राऊत सर म्हणाले.

मी नाही पाहिलं. अबॉर्टचं बटण दाबलं. बर्नर बंद झाला, लाइनमध्ये आग विझवणारा नायट्रोजन सुटला आणि शेड एकदम गप्प झाली. दार उघडलं तर जळक्या धातूचा वास.

पॅनल थंड झाल्यावर बाहेर काढलं. मधोमध बांगडीएवढा निळा-काळा डाग आणि डागात केसासारखी भेग. मागच्या वेळी जळालं होतं, अगदी त्याच जागी. धनेश्वरीने भेगेवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. मला तिचं गप्प राहणंच जास्त झोंबतं. भांडणारी माणसं परवडतात.

मी सुनंदा इंगोले, थर्मल इंजिनियर. माहेर वर्धेचं. नवरा रेल्वेत, त्याच्या बदलीच्या मागे रायपूरला आले आणि बूढ़ापाऱ्यात घर केलं. माझी कंपनी लहान आहे. ऑफिस तेलीबांध्याला, तलावाकडे तोंड करून, सगळं काचेचं. पण खरं काम होतं ते सिलतऱ्याच्या टेस्ट शेडमध्ये, स्पंज आयर्नच्या कारखान्यांच्या गराड्यात. तिथे कितीही मोठा आवाज केला तरी शेजारी तक्रार करत नाही, कारण शेजाऱ्याचा आवाज आपल्याहून मोठा असतो.

आमचं काम म्हणजे पॅनल तापवणं. हायपरसॉनिक विमानाच्या इंजिनाच्या भिंतीचा एक तुकडा क्लायंट बनवून घेतो, आम्ही त्याच्यावर आग सोडतो आणि तो टिकतो का ते सांगतो.

आवाजाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त वेगाने उडतं ते हायपरसॉनिक. एवढ्या वेगात समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दबते आणि भयंकर तापते. आपल्या गाडीच्या रेडिएटरला वारा लागतो, इंजिन गार होतं. इथे वाराच आग असतो. मग गार करायचं कशाने? अशा विमानात गार म्हणावी अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे त्याचं इंधन, केरोसीन. म्हणून ते आधी इंजिनाच्या भिंतीतल्या बारीक नळ्यांतून फिरवतात. ते भिंतीची उष्णता घेतं, स्वतः तापतं आणि मग जाऊन जळतं. घरात एकच कामाचा माणूस असला की सगळे त्यालाच हाका मारतात, तसं आहे हे.

घोडं अडतं ते पुढे. केरोसीन फार तापलं की त्याचा कोळसा धरतो. भजी तळून तळून कढईला जो काळा थर बसतो, तसा. त्याला कोकिंग म्हणतात. नळीत कोक धरला की नळी अरुंद होते, केरोसीन कमी जातं, भिंत आणखी तापते, आणखी कोक धरतो. शेवटी भिंत फाटते.

या वेळी क्लायंटने नळ्यांचं डिझाइनही आमच्याकडे दिलं होतं आणि ते धनेश्वरी साहूचं होतं. धनेश्वरी अभनपूरकडची, माझ्या टीममधली डिझाइन इंजिनियर. तिशी नुकतीच ओलांडलेली, बोलायला कमी आणि मान हलवायला जास्त. क्लायंटचं जुनं डिझाइन होतं त्यात सगळ्या नळ्या सारख्या अंतरावर आणि भिंत जाड. चालायचं ते, पण वजन असं की विमानाने उडायचं की तेच उचलून न्यायचं. धनेश्वरीने जिथे आग जास्त तिथे नळ्या जवळजवळ आणल्या, बाकी ठिकाणी विरळ केल्या. पॅनल निम्म्यासारखं हलकं झालं. हिवाळ्यात टेस्ट केली तेव्हा पहिलं पॅनल असं पास झालं की मी स्वतः तिला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली.

आणि उन्हाळ्यात त्याच डिझाइनची दोन पॅनलं लागोपाठ जळाली. आता एकच शिल्लक होतं.

त्याच दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे रेड्डी साहेब, क्लायंटचे प्रोजेक्ट हेड. माणूस वाईट नाही, पण मत बनवायला त्यांना वेळ लागत नाही.

"मॅडम, दोनों बार सेम जगह जला," ते म्हणाले. "कहीं भी जलता तो मैं मानता. सेम जगह जला मतलब डिझाइन में वीक स्पॉट है."

"साहेब, हिवाळ्यात हेच डिझाइन पास झालं," मी म्हटलं. मी रागात असले की मराठीतच बोलते, समोरचा कोणी असो. धनेश्वरीने हिंदीत करून सांगितलं.

"एक बार पास हुआ, दो बार फेल. आप क्या बोलोगे?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "लास्ट पॅनल है. अगले हफ्ते मैं खुद आता हूँ. मेरे सामने रन करो. पास हुआ तो ठीक. नहीं हुआ तो पुराना डिझाइन वापस, और ये फाइल बंद."

फाइल बंद म्हणजे धनेश्वरीची तीन-चार वर्षांची मेहनत बंद. कॉल संपल्यावर ती उठली, पाण्याची बाटली भरून आणली, पुन्हा बसली.

"दीदी, मैं कोचिंग में पढ़ाने चली जाऊँगी," ती म्हणाली. "मेरी मौसी की बेटी पढ़ाती है. वहाँ कुछ जलता नहीं है."

"गप बस," मी म्हटलं. "आधी हे पॅनल कापू. मग कोठी जायचं तिकडं जा."

राऊत सरांचं मत तयार होतं. राऊत सर आमचे बॉस, यवतमाळचे. शेडची वीट न् वीट त्यांनी उभी केली. म्हणाले, "मॅडम, हे सिलतऱ्याची धूळ होय. सकाळी गाडी पुसून ठेवतो, संध्याकाळी तिच्यावर नाव लिहिता येते. गेली असंल केरोसीनमधी."

पटण्यासारखं होतं. सिलतऱ्याची काळी धूळ चहातही असते. पण आम्ही फिल्टर उघडला तर तो स्वच्छ. मग जळालेलं पॅनल वायर-कट मशीनवर, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, मधून कापलं. डागाखालच्या नळ्या काळ्या थराने जवळपास बुजलेल्या. तो थर धनेश्वरीने ब्लेडने खरवडून बारीक डबीत भरला आणि ओळखीच्या एका लॅबमध्ये तपासायला दिला. म्हटलं, धूळ असेल तर लोखंड निघेल. स्पंज आयर्नच्या धुळीत दुसरं काय असणार?

लॅबमधून फोन आला तेव्हा आम्ही दोघी शेडमध्ये जेवत होतो. धनेश्वरीच्या डब्यात बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, वर कांदा आणि हिरवी मिरची. नौतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, उन्हात याच्याइतकं शहाणं जेवण दुसरं नाही. तिने फोन स्पीकरवर ठेवला. जवळपास सगळा कार्बन, म्हणजे कोक. लोखंड नावाला. आणि तांबं.

"तांबं?" मी विचारलं. "नीट पाहा हो."

"मॅडम, दोबारा चेक किया है. कॉपर ही है," पलीकडून उत्तर आलं.

धनेश्वरीचा हात डब्यातच थांबला. पॅनल निकेलच्या मिश्रधातूचं. जोडकाम निकेलचं. पाइप, व्हॉल्व्ह, पंप, सगळं स्टेनलेस स्टील. तिने लॅपटॉपवर रिगचं, म्हणजे टेस्टच्या सगळ्या जोडणीचं, ड्रॉइंग उघडलं, फिल्टरपासून पॅनलपर्यंत एकेक भाग बोटाने मोजत गेली आणि मान हलवली. तांबं कुठेच नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते. विमानाच्या केरोसीनला तांब्याचं वावडं असतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. तांबं केरोसीनमध्ये अगदी नखाएवढंही विरघळलं तरी कोक धरायची घाई होते. एरवी जे फार तापल्यावर होईल, ते आधीच व्हायला लागतं. हे मला माहीत होतं, धनेश्वरीला माहीत होतं, राऊत सरांनाही माहीत होतं. म्हणून तर सगळी लाइन स्टीलची होती. मग तांबं आलं कुठून?

मी उलटीकडून विचार केला. हिवाळ्यात काय नव्हतं जे आता आहे? ऊन. पण पॅनलला बाहेर मे महिना आहे हे कळायचं कारणच नव्हतं. केरोसीन दर टेस्टला एकाच ठरलेल्या तापमानाला आत जातं. क्लायंटची तशी अटच आहे. हिवाळ्यात टाकीतून सरळ घेतलं तरी ते अटीत बसतं. उन्हाळ्यात टाकी स्वतःच चुलीवर ठेवल्यासारखी तापते, म्हणून आम्ही केरोसीन आधी गार करतो.

आणि गार कशाने करतो, हे आठवलं तेव्हा मी हातातला घास खाली ठेवला.

शेडच्या मागच्या भिंतीला एक दांडगा डेझर्ट कूलर होता. रायपूरमध्ये घरोघरी असतो तसाच, पण चांगला मोठा. त्याच्या पाण्याच्या हौदात एसीच्या पाइपची वेटोळी घातलेली कॉइल. टाकीतलं केरोसीन पंपाने त्या कॉइलमधून फिरायचं, गार व्हायचं आणि परत टाकीत यायचं. वीज खाणारं चिलर मशीन घ्यायच्या ऐवजी राऊत सरांनी हे स्वतः एका एसी मेकॅनिकला बसवून करून घेतलं होतं. जो पाहुणा येईल त्याला आधी हा कूलर दाखवायचे. "नागपूर-रायपूरच्या माणसाले गारवा कसा करायचा ते शिकवायची गरज नाई," असं म्हणायचे. आम्हीही कौतुक करायचो. खोटं कशाला बोलू, होतंच ते कौतुकाचं काम.

एसीचा पाइप कशाचा असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. तांब्याचा.

"ड्रॉइंगमध्ये दिसत नाही, कारण ड्रॉइंग फिल्टरपासून सुरू होतं," मी धनेश्वरीला म्हटलं. "त्याच्या आधीचं सगळं आपण पंखे-लाइटसारखं शेडचं सामान धरतो."

"हव," ती म्हणाली आणि डबा तसाच झाकून उठली.

आम्ही मागे गेलो. कूलर बंद केला, कॉइलचा जोड सोडला. बाहेरून पाइप काळा-हिरवा पडलेला होता. आत टॉर्च मारला तर लख्ख. चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखा चकाकत होता. केरोसीनमध्ये थोडी आम्लं असतात. ती आतून तांबं हळूहळू खात होती आणि खाल्लेलं तांबं केरोसीन बरोबर घेऊन चाललं होतं. खात्रीसाठी दोन बाटल्या लॅबला पाठवल्या. एक टाकीतलं केरोसीन, एक सील न तोडलेल्या ड्रममधलं. टाकीतल्यात तांबं निघालं, ड्रममधल्यात नाही.

सगळ्यात वाईट काय होतं ते आधी धनेश्वरीच्या लक्षात आलं. "दीदी, जितना ध्यान रखा उतना बिगाड़ा," ती म्हणाली. खरंच तसं होतं. ऊन जास्त असलं की आम्ही केरोसीन जास्त वेळ कॉइलमधून फिरवायचो, ठरलेल्या तापमानाला आणायला. पुन्हा पुन्हा तेच केरोसीन, पुन्हा पुन्हा तेच तांबं. आणि जास्तीचा कोक आधी कुठे धरणार? भिंत जिथे सगळ्यात तापते तिथे. म्हणजे मधोमध. रेड्डी साहेबांना ती डिझाइनची चूक दिसली, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच दिसलं असतं.

आता हे राऊत सरांना सांगायचं होतं.

मी संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये गेले. तेलीबांध्याला खाली लोक तलावाच्या कडेने चालत होते. मी लॅबचे निकाल सांगितले आणि म्हटलं, "सर, कॉइल काढा लागंल."

"कोणती कॉइल?"

"कूलरमधली."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "तुमी काय म्हणून राहिल्या, तुमाले समजते का? मी त्या शेडमधी घाम गाळला अन् तुमी म्हणता माह्या कूलरनं पॅनल जाळलं?"

"मी नाही म्हणत. लॅब म्हणते."

"हिवाळ्यात काहून नाही जाळलं मग?"

"हिवाळ्यात तुमी कूलर लावलाच नव्हता, सर."

यावर ते खुर्ची फिरवून खिडकीबाहेर पाहत बसले. मला वाईट वाटलं, सांगते. या माणसाने मला नोकरी दिली तेव्हा मी दोन मुलांना शाळेत सोडून मुलाखतीला आले होते, आणि साडीवर दुधाचा डाग होता. त्यांनी डागाकडे पाहिलं नाही, माझ्या गणिताकडे पाहिलं. पण वाईट वाटलं म्हणून पॅनल थोडंच टिकणार होतं.

"काढा," शेवटी ते म्हणाले. "पण एक आयका. रेड्डीले सांगायची काही गरज नाई. मेंटेनन्स केला म्हणा. गावभर काहून बोभाटा करायचा?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी गेले तर नवरा म्हणाला, "काहून तोंड पाडून बसली?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग जेव तर खरी." रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाचा सल्ला एवढाच असतो. जेवले.

कॉइल काढली, पण केरोसीन गार तर करायचंच होतं. रेड्डी साहेब यायला थोडे दिवस होते आणि बाहेर नौतपा. धनेश्वरीने शोध लावला की दूध थंड करायच्या टाक्यांमध्ये स्टेनलेसची कॉइल असते. जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत अशा टाक्या बनवणारा एक फॅब्रिकेटर होता. आम्ही त्याच्याकडे गेलो.

"कितना लीटर दूध है मॅडम?" त्याने विचारलं.

"दूध नहीं भैया, केरोसीन."

त्याने आम्हा दोघींकडे नीट पाहिलं. "केरोसीन ठंडा करके क्या करोगे आप लोग?"

"फिर उसको गरम करेंगे," धनेश्वरी म्हणाली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. त्याने पुढे काही विचारलं नाही, कॉइल मात्र चोख दिली.

टाकीतलं जुनं केरोसीनही काढायला हवं होतं, कारण त्यात तांबं आधीच विरघळलेलं होतं. राऊत सर कुरकुरले, "एवढं केरोसीन फेकायचं?" मी म्हटलं, "फेकू नका, बर्नरले वापरा. त्याले तर जळायचंच हाय." हे त्यांना पटलं. टाकी रिकामी केली, सगळी लाइन ताज्या केरोसीनने धुतली, नवीन ड्रम फोडले. नवी कॉइल त्याच कूलरच्या हौदात बसवली. राऊत सर स्वतः शेडमध्ये उभे राहून एकेक जोड तपासत होते. कोणाशी बोलत नव्हते, पण कोणाला काही करूही देत नव्हते.

रेड्डी साहेब आले ते पांढरा शर्ट घालून. पांढऱ्या शर्टात सिलतऱ्याला येणारा माणूस बाहेरचा, हे गेटवरच कळतं. आमच्याशी हात मिळवला, धनेश्वरीलाही नमस्कार केला आणि आधी रिगभोवती एक फेरी मारली. माणूस जुना होता, बघायचं कुठे ते त्याला माहीत होतं. मागे कूलरपाशी थांबला.

"ये कॉइल नया है," तो म्हणाला. "लास्ट टाइम फोटो में कॉपर दिखा था. ये क्यों बदला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात लक्षात आलं की मी काय बोलणार ते मलाच ठाऊक नाही. मेंटेनन्स म्हटलं तर रेड्डी म्हणणार, तुम्ही रिग बदलली, आता पास झालं तरी जुन्या टेस्टशी तुलना होत नाही. मग पॅनल पास होऊनही डिझाइन बादच. खरं सांगितलं तर राऊत सरांचं नाक सगळ्यांसमोर कापलं जाणार. धनेश्वरी माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, राग होता. आणि तिचा राग रास्त होता.

"रेड्डी साहब," राऊत सर म्हणाले.

आम्ही सगळे वळलो.

"ये कूलर मेरा है. कॉइल मैंने कॉपर का लगाया था. केरोसीन में कॉपर गया, कोकिंग उसी से हुआ. दोनों पॅनल मेरे कूलर ने जलाए. बच्ची का डिझाइन बराबर है." एवढं बोलून त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "लॅब का रिझल्ट है. इंगोले मॅडम दिखाएँगी."

रेड्डी साहेब म्हणाले, "राऊत जी, ये आप पहले बताते तो मैं टिकट ही नहीं करता."

"पहले मुझे भी नहीं पता था," सर म्हणाले.

रेड्डींनी लॅबचे निकाल उभ्यानेच वाचले, दोनदा वाचले. दोन बाटल्यांचा निकाल त्यांना पुरला. म्हणाले, "ठीक है. रन करो. इस रन को मैं मानूँगा."

आम्ही कंट्रोल रूममध्ये गेलो. बर्नर पेटला. काचेपलीकडे पॅनलचं तोंड आधी काळं, मग तांबूस, मग असं झालं की नुसत्या डोळ्यांनी पाहवत नाही. स्क्रीनवर सगळे आकडे चढले. मधला थर्मोकपल चढत होता, चढत होता, आणि मग बसला. शहाण्या मुलासारखा बाकीच्यांच्या रांगेत जाऊन बसला. मी अबॉर्टच्या बटणावरचा हात काढला नाही. धनेश्वरीने माझी बाही धरली होती, ते मला नंतर कळलं, कारण बाहीचा टाका उसवला होता. ठरलेला वेळ पूर्ण झाला आणि बर्नर आपोआप बंद झाला.

"हुआ," ती म्हणाली.

"अजून नाही," मी म्हटलं. "कापायचं आहे."

तिचा चेहरा उतरला. "पास हुआ पॅनल काटेंगे?"

"वरून चांगलं दिसतं म्हणून आतूनही चांगलं असतं का? आत कोक आहे की नाही ते बघितल्याशिवाय कोण म्हणेल पास झालं?" मी थोडी चिडूनच बोलले. चिडायचं कारण नव्हतं. माझाही जीव वरखाली होत होता, आणि तसं झालं की मी समोरच्यावर काढते.

रेड्डी साहेबांनी मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी वायर-कटवर पॅनल मधून कापलं. कापलेली कड पुसून धनेश्वरीने ती खिडकीच्या उजेडात धरली. नळ्यांची तोंडं ओळीने दिसत होती, जवळजवळ, मग विरळ, तिने काढली होती तशीच. आत बारीक करडा थर होता. असायलाच हवा, कोणत्याही पॅनलला असतो. पण नळ्या मोकळ्या होत्या. मधल्या नळीत तिने बारीक तार घातली. दुसऱ्या टोकाने बाहेर आली.

ती एका उलट्या ड्रमवर बसली आणि रडली. आवाज न करता, कामाचे हातमोजे न काढता. रेड्डी साहेबांना काय करावं कळेना, ते मोबाइलमध्ये बघायला लागले. राऊत सरांनी तिला आपला रुमाल दिला. चष्मा पुसून काळा झालेलाच रुमाल होता तो, पण तिने घेतला. मीही नाक ओढलं. सिलतऱ्याला एवढं चालतं, धूळच असते.

रेड्डींनी जायच्या आधी तिला विचारलं, "इससे बड़ा पॅनल करोगी? इंजन का पूरा एक साइड?"

"हव," ती म्हणाली. मग सावरून म्हणाली, "यस सर."

आज ते मोठं पॅनल तिच्या स्क्रीनवर आहे. कोचिंग क्लासचा विषय ती पुन्हा काढत नाही. राऊत सर अजूनही पाहुण्यांना कूलर दाखवतात, पण आता आधी कॉपरची कॉइल कशी चुकली ते सांगतात आणि मग स्टीलची दाखवतात. मी म्हटलं, "सर, गावभर बोभाटा तुमीच करून राहिले." तर म्हणाले, "मी केला तर चालते. दुसऱ्यानं केला तर नाई."

या सगळ्यातून मी काय शिकले ते सांगायचं तर फार नाही. पॅनल जळालं की सगळ्यांचं बोट आधी ज्याने ते बनवलं त्याच्याकडे जातं. जे गार करतं त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. आता काही जळालं की मी आधी कूलिंगची लाइन टोकापर्यंत उघडून पाहते, आणि मग डिझाइनवालीला फोन करते. पॅनल दुसरं बनवून मिळतं. कोचिंगला गेलेली इंजिनियर परत मिळत नाही.